गणित-विज्ञानाची पुस्तकं बदलली, पण शिकवताना या चुका टाळा

बालभारतीची नववीची पुस्तकं 2017 ला बदलली, दहावीची 2018 ला. 'करून पहा', 'जरा डोके चालवा' असल्या चौकटी पानोपानी आल्या, गणिताच्या पेपरात 'कृती पूर्ण करा' आलं, हेतू अगदी चांगला होता की पोरांनी पाठांतर सोडून विचार करावा. पण वर्गात आणि त्याहून जास्त क्लासमध्ये आपण नवीन पुस्तक जुन्याच पद्धतीनं शिकवतोय, आणि दरवर्षी त्याच त्या चुका बघून आता खरंच वैताग आलाय म्हणून लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कृतीतल्या रिकाम्या चौकटी पाठ करून घेणं. भूमितीचा पेपर बघा, प्रमेयाची सिद्धता अर्धी दिलेली असते आणि मधल्या चौकटी भरायच्या असतात. ही सोय कशासाठी, तर ज्याला पूर्ण सिद्धता लिहिता येत नाही त्यालाही एकेका पायरीमागचं कारण कळावं. आपण काय करतो, गाईडमधल्या कृती काढायच्या आणि पहिली चौकट ही, दुसरी ती, असं घोकून घ्यायचं.

माझ्याकडे एक मुलगी यायची, हुशार, अक्षर मोत्यासारखं. भूमितीमध्याचं प्रमेय, म्हणजे काटकोन त्रिकोणात कर्णावर टाकलेल्या लंबाचा वर्ग हा कर्णाच्या दोन तुकड्यांच्या गुणाकाराएवढा असतो ते, तिनं धडाधड भरलं, एक चौकट चुकली नाही. मग मी तोच त्रिकोण आडवा करून काढला, नावं दिली एल, एम, एन, काटकोन एलपाशी, लंब एलडी. तिनं पुस्तकातल्या आकृतीचीच अक्षरं लिहिली, क्यूएस वर्ग बरोबर पीएस गुणिले एसआर. आकृतीत पी नाही, क्यू नाही, एस नाही, आणि तिला ते खटकलंसुद्धा नाही! तिची काय चूक, तिला चौकटी शिकवल्या होत्या, त्रिकोण कोणी शिकवलाच नव्हता. मग दोघांनी मिळून कागदाचा त्रिकोण लंबावर कापला, दोन तुकडे एकमेकांवर फिरवून ठेवले, कोन जुळतात हे तिनं स्वतः बघितलं, त्यानंतर एमडी गुणिले डीएन तिचं तिनंच लिहिलं.

तेव्हापासून माझी सवय अशी आहे की आधी कोरी आकृती, पोरांनी कारणं तोंडानं सांगायची, मग पूर्ण सिद्धता, आणि चौकटीवाली कृती सगळ्यात शेवटी. आकृती दर वेळी फिरवायची आणि अक्षरं बदलायची, हे मी कधीच चुकवत नाही. वेळ जातो, जाऊ दे.

दुसरी चूक प्रॅक्टिकलची. विज्ञानात 40-40 चे दोन लेखी पेपर आणि 20 मार्क प्रॅक्टिकलचे, पण ते 20 मिळणारच असं धरून जर्नल मागच्या बॅचच्या पोरांचं आणून उतरवलं जातं. एका शाळेत मी बहिर्वक्र भिंगाच्या प्रयोगाची जर्नलं बघत होतो, अख्ख्या वर्गाचं नाभीय अंतर 10 सेमी. डब्यातली भिंगं काढली तर सगळी 20 सेमीची! म्हणजे कधीतरी 10 ची भिंगं होती, ती बदलली, पण जर्नल तेच चालू राहिलं.

अहो, हा प्रयोग करायला लागतं काय? भिंग खिडकीकडे धरा, मागे पांढरा कागद पुढेमागे करा, मैदानापलीकडचं झाड कागदावर उलटं आणि स्पष्ट दिसलं की पट्टीनं अंतर मोजा. कोणाचं 19.6 येईल, कोणाचं 20.4. तेच लिहू द्या. बरोबर 20 लिहायला लावणाऱ्या शिक्षकाचा मला मनापासून राग येतो, कारण मोजमापात थोडा फरक पडतोच हे शिकायची हीच तर जागा आहे.

आता भराभर. भिंगाची शक्ती काढताना नाभीय अंतर मीटरमध्येच घ्या, 20 सेमीचं भिंग 5 डायॉप्टरचं, 0.05 चं नाही. भिंगाच्या सूत्रात (1/व्ही - 1/यू = 1/एफ) वजा आधीच आहे, यूची म्हणजे वस्तूच्या अंतराची किंमत चिन्हासकट कंसात टाका, बहुतेक चुका तिथंच संपतात. सेमी-इंग्रजीच्या पोरांना अपवर्तन आधी मराठीत बोलू द्या, इंग्रजी उत्तर मग लिहा. पुस्तकातल्या क्यूआर कोडचा व्हिडिओ प्रयोग झाल्यावर दाखवा, प्रयोगाच्या ऐवजी नको.

आणि ओहमच्या नियमाचा तो त्रिकोण, वर व्ही (विभवांतर) आणि खाली आय (विद्युतधारा), आर (रोध), बोटानं झाकलं की सूत्र तयार. हा शॉर्टकट मी वर्गात काढू देत नाही. ज्याला व्ही बरोबर आयआर मधून आर वेगळा करता येत नाही त्याला आठवी-नववीचं समीकरण कच्चं आहे, आणि त्रिकोणानं ते झाकलं जातं. अकरावी सायन्सला गेल्यावर हेच पोरगं गतीच्या समीकरणात टी म्हणजे वेळ काढताना अडकतं, तिथं झाकायला त्रिकोण नसतो.

पालकांनाही एक सांगायचंय. दिवाळीच्या आत पोर्शन संपवतो म्हणणाऱ्या क्लासला भुलू नका. तिथं गेल्यावर एवढंच विचारा, की भिंग मुलांच्या हातात कधी देता?