कागदावरच्या रंगाला भुलू नका

अमळनेरला बारावी सायन्स करून ट्रान्सफर प्रिंटिंगच्या (कागदावर छापून रंग कापडावर उतरवायच्या) कामाला भुसावळ-सुरत गाडीने सुरतेच्या उधन्याला उतरलो, तेव्हा ट्रान्सफर पेपर म्हणजे लहानपणी हातावर चिकटवायचो ते स्टिकर, एवढंच ठाऊक होतं. पहिल्याच आठवड्यात छापून निघालेला रोल पाहिला. लाल विटकरी, निळा धुरकट. शाई खराब आली असं वाटून सांगायला धावलो. कारखान्यातले आमचे आप्पा (तेही खान्देशचेच) काही बोलले नाहीत. त्या कागदाचा तुकडा पांढऱ्या पॉलिएस्टरवर उपडा ठेवला आणि हीट प्रेस २०० अंशांवर ४० सेकंद दाबली. कागद सोलला तर कापडावर लालभडक गुलाब, कागदावर नुसती सावली.

ही शाई डिस्पर्स डायची. तापली की न वितळता थेट वाफ होते. त्याच वेळी पॉलिएस्टरचा धागा आतून सैल पडतो, वाफ आत शिरते आणि कापड थंड झालं की रंग तिथेच अडकतो. म्हणून छपाईवर बोट फिरवलं तर थर लागत नाही. कॉटनला हे जमत नाही. पांढरी शाईही यात नसते. जो पांढरा दिसतो तो कापडाचाच. गिऱ्हाईक काळ्या कॉटनचा टी-शर्ट घेऊन आलं, तर त्याला सरळ डीटीएफवाल्याकडे (फिल्मवर छापून ती कापडावर चिकटवणाऱ्याकडे) पाठवायचं. फ्रान्समध्ये नोएल द प्लास यांनी १९५७ साली ही पद्धत शोधली; सुरतेची सिंथेटिक साडी तिच्यासाठीच जन्मल्यासारखी.

मोठ्या मालाचा कागद ग्रॅव्ह्युअर मशीनवर छापून निघतो. तांब्याचा थर दिलेल्या सिलिंडरवर बारीक खड्डे कोरलेले, त्यात शाई भरते, वरची जादा शाई डॉक्टर ब्लेड नावाची पातळ पट्टी पुसते. एका रंगाला एक सिलिंडर, म्हणून हजारो मीटरची ऑर्डर असेल तरच परवडतं. माझं पहिलं काम म्हणजे कप शाईत बुडवायचा, उचलायचा आणि खालच्या भोकातून शाई किती सेकंदांत गळते ते मोजायचं. मे महिन्यात दुपारपर्यंत सॉल्व्हंट उडून शाई घट्ट व्हायची आणि सकाळचा गुलाबी दुपारी राणी कलर व्हायचा. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण ते टाळून थेट कॉम्प्युटरवर बसलेली पोरं पुढे शेड जुळवताना अडकताना मी पाहिली आहेत.

डिजिटल प्रिंटरला शाई पाण्यातली असते, शाईचे थेंब उडवणारं हेड पिएझोचं, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालणारं. रोज सकाळी नोझल चेक (हेडच्या सगळ्या भोकांतून शाई येते का ते दाखवणारी छोटी छपाई) काढल्याशिवाय जॉब लावू नका. कागद दमट झाला की लाटा येतात, हेड घासतं, आणि हेडचा खर्च तुमच्या पगाराच्या कित्येक पट असतो. डिझाइन आरशातल्यासारखं उलटं छापायचं, हे सांगायला नको. तरी पहिल्या महिन्यात मी जर्सीवरचं नाव सुलटं छापून ठेवलं होतंच.

त्याहून महागात पडलेली चूक फ्युजिंग मशीनवरची, म्हणजे गरम ड्रमवर कागदाचा रंग कापडावर उतरवणाऱ्या मशीनवरची. कबड्डीच्या जर्सीचं कापड चालू होतं, नवा ताका जोडायला मी मशीनचा वेग कमी केला आणि पूर्ववत करायला विसरलो. गरम ड्रमवर कापड जास्त वेळ राहिलं. काळा चॉकलेटी झाला, सगळा ताका रिजेक्ट. काळा हा दोन-तीन रंगांच्या मिश्रणातून बनतो, त्यामुळे ताप किंवा वेळ बिघडली की पहिला तोच चुगली करतो. तेव्हापासून दर जॉबच्या सुरुवातीला काळी पट्टी काढतो. तिचा तुकडा वहीत चिकटवून शेजारी तापमान, वेळ, कागदाचं जीएसएम (दर चौरस मीटरचं वजन) आणि तारीख लिहितो. अशा चार वह्या झाल्या आहेत. नव्या नोकरीला जाताना सर्टिफिकेटआधी त्याच दाखवल्या.

नोकरी बघायला गेलात की एकदा फ्युजिंग मशीनच्या वर नजर टाका. वाफ बाहेर खेचणारा एक्झॉस्ट नसेल आणि ट्यूबलाइटवर रंगाचं तेलकट पुट चढलेलं दिसलं, तर पगार दोन हजार जास्त असला तरी दुसरीकडे विचारा.