ट्रक-ट्रेलरची नोंदणी आणि राष्ट्रीय परवाना: परराज्यात गाडी पाठवण्यापूर्वी

नवा ट्रक परराज्यात धाडायचा म्हणजे 'एनपी' (नॅशनल परमिट, म्हणजे राष्ट्रीय परवाना) काढायची, एवढेच बहुतेक नव्या गाडीमालकांच्या मनात असते आणि ते आधी परवान्याच्या शुल्काची चौकशी करू लागतात. वास्तविक परवाना हा या कामाचा उत्तरार्ध आहे. कर, विम्याचा हप्ता, परवाना आणि रस्त्यावरच्या वजनकाट्याशी होणारा हिशेब, या सगळ्यांचा आधार म्हणजे आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) नोंदलेले मालासह एकूण वजन. म्हणून खरे लक्ष पासिंगकडे, म्हणजे आरटीओतल्या तपासणी व नोंदणीकडे द्यावे.

कारखान्यातून पूर्ण बांधणीची गाडी घेतली तर काम पुष्कळ सोपे होते, कारण अशा गाडीला नोंदणीपासून दोन वर्षे योग्यता प्रमाणपत्र (फिटनेस) असल्याचेच मानले जाते. नुसती चेसिस (इंजिन-चाकांसह सांगाडा) घेऊन बॉडी बाहेर बांधायची असेल, तर आधी तात्पुरती नोंदणी करावी लागते आणि तिची मुदत बॉडी पूर्ण होईपर्यंत पुरेल ना, याची बॉडीवाल्याकडून पक्की खात्री करून घ्यावी. बॉडीची रुंदी २.६ मीटरपेक्षा जास्त नसावी. मागच्या व बाजूच्या संरक्षक पट्ट्या, तसेच पुढे पांढरी, बाजूंना पिवळी आणि मागे लाल परावर्तक टेप हे सारे तपासणीपूर्वीच बसलेले असावे. भक्कम दिसावी म्हणून बॉडीत जास्तीचे लोखंड घालण्याचा मोह टाळावा, कारण एकूण वजनाची मर्यादा ॲक्सलवर (चाकांच्या आसांवर) ठरते आणि बॉडी जेवढी जड होईल तेवढा भरता येणारा माल कायमचा कमी होतो. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने या मर्यादा वाढवल्या. तीन ॲक्सलच्या दहा चाकी गाडीची मर्यादा २५ टनांवरून २८.५ टनांवर गेली, तर मोठ्या ट्रेलरची ५५ टनांपर्यंत पोहोचली.

नोंदणीचा अर्ज नमुना २० मध्ये करायचा असतो. त्याला विक्रेत्याचे विक्री प्रमाणपत्र म्हणजे नमुना २१, उत्पादकाचे रस्तायोग्यतेचे प्रमाणपत्र म्हणजे नमुना २२, बॉडी बाहेर बांधली असेल तर नमुना २२-अ, शिवाय बीजक, विमा व पत्त्याचा पुरावा जोडावा लागतो. कर्जाची गाडी असल्यास वित्तसंस्थेच्या बोज्याची नोंदही याच वेळी होते. चेसिस क्रमांकाची पेन्सिलछाप मात्र घाईत उरकू नये. चेसिसवर कोरलेल्या आकड्यांवरचे ग्रीस व धूळ रॉकेलच्या बोळ्याने पुसून पातळ कागद घट्ट धरावा आणि शिसे आडवे धरून एकाच दिशेने हलक्या हाताने फिरवावे. मग छापेतले प्रत्येक अक्षर नमुना २१ शी ताडून पाहावे, कारण ८ आणि बी यांच्या गल्लतीने आरसी चुकली, तर विम्यापासून परवान्यापर्यंत प्रत्येक कागद दुरुस्त करत बसावे लागते. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाचे राहण्याचे किंवा धंद्याचे ठिकाण ज्या राज्यात आहे, तेथील कोणत्याही नोंदणी प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. बीएच (भारत) मालिकेचा क्रमांक घेतला तर राज्याराज्यांची कटकट मिटेल, असे काही जण विचारतात. ती मालिका खासगी वाहनांसाठी आहे, मालवाहू गाडीला मिळत नाही.

ट्रेलरच्या बाबतीत दोन वाहने आहेत हे विसरू नये. ओढणारा हॉर्स वेगळा नोंदवला जातो आणि मागचा ट्रेलर वेगळा; दोघांना आपापला क्रमांक व आपापली आरसी असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६१ नुसार ट्रेलरचा स्वतःचा क्रमांक त्याच्या बाजूवर लिहायचा आणि मागे, तो ज्या हॉर्सला जोडला आहे त्याचा क्रमांक दिसला पाहिजे. उरण-पनवेल भागात कंटेनरचे काम करणारे मालक एकच हॉर्स वेगवेगळ्या ट्रेलरना जोडतात, तेव्हा मागची पाटी बदलायची राहून जाते. जोडी बदलल्यावर विम्यात आणि परवान्यात तो ट्रेलर समाविष्ट आहे की नाही, हेही पाहावे.

योग्यता प्रमाणपत्राची मुदत आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दोन वर्षे आणि त्यापुढे एक वर्ष असते. कलम ५६ चा अर्थ मालकांनी नीट समजून घ्यावा: हे प्रमाणपत्र संपले की मालवाहू गाडीची नोंदणीच वैध मानली जात नाही. फिटनेस संपलेल्या गाडीचा अपघात झाला, तर विमा कंपनीशी झालेला वाद कोर्टात वर्षानुवर्षे रेंगाळू शकतो.

आता परवाना. मालासह एकूण वजन ३,००० किलोपेक्षा जास्त नसलेल्या मालवाहू गाडीला कलम ६६ प्रमाणे परवान्याची गरज नाही, आणि २०१८ पासून बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांनाही सूट आहे. बाकीच्यांनी राष्ट्रीय परवान्यासाठी नमुना ४८ मध्ये, तर त्याच्या प्राधिकारपत्रासाठी (परराज्यात तो परवाना वापरण्याच्या वार्षिक संमतीसाठी) नमुना ४६ मध्ये अर्ज करावा. येथेच सर्वाधिक घोटाळा होतो, कारण परवाना पाच वर्षांचा असला तरी प्राधिकारपत्र एकाच वर्षाचे असते आणि दरवर्षी १६,५०० रुपयांचे एकत्रित शुल्क व १,००० रुपये प्राधिकार शुल्क ऑनलाइन भरल्याशिवाय पाच वर्षांच्या परवान्याचा परराज्यात काहीही उपयोग होत नाही. राज्यागणिक वेगळे शुल्क भरण्याची पद्धत २०१० मध्ये बंद झाली, ही त्यातल्या त्यात मोठी सोय. गाडीवर पुढे आणि मागे ठळक अक्षरांत 'नॅशनल परमिट' किंवा 'एन/पी' लिहावे; फास्टॅग आणि वाहनाचा माग दाखवणारे उपकरण बसवलेले असावे. जुनी गाडी घेणाऱ्याने वयाकडे पाहावे: दोन ॲक्सलच्या गाडीला १२ वर्षांनंतर आणि त्याहून अधिक ॲक्सलच्या गाडीला १५ वर्षांनंतर राष्ट्रीय परवाना मिळत नाही.

परतीच्या भाड्यालाही नियम आहे. नागपूरची गाडी हैदराबादला माल उतरवून तिथून चेन्नईचा किंवा परत नागपूरचा माल भरू शकते. परंतु हैदराबादहून वरंगळचे भाडे तिला घेता येत नाही, कारण दोन्ही ठिकाणे तेलंगणातच आहेत आणि परराज्याच्या अंतर्गत वाहतुकीला राष्ट्रीय परवाना चालत नाही. ओव्हरलोड सापडल्यास कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड होतो, शिवाय जादा माल तिथेच उतरवून घेण्याचा खर्च वाहनमालकावर पडतो.

गाडी कामानिमित्त एखाद्या परराज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवायची असेल, तर मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन तिथला नवा क्रमांक घ्यावा लागतो, आणि परवान्याचे काम त्या राज्यात पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.