माळ्यावरच्या जुन्या हार्ड डिस्कमधला मजकूर कसा वाचवावा

नागपुरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि पाऊस लागला की हवा एकदम दमट होते, म्हणून माळ्यावर वीस-पंचवीस वर्षे पडून असलेली हार्ड डिस्क खाली काढल्याबरोबर तिला वीज देऊ नये. एक दिवस ती कोरड्या खोलीत ठेवावी. तोवर सर्किट बोर्डावर जळाल्याची खूण किंवा वाकलेली पिन दिसते का ते पाहावे. झाकण मात्र उघडू नये, कारण मजकूर वाचणारे हेड आणि तो साठवणारी चकती यांच्यातले अंतर धुळीच्या कणापेक्षाही कमी असते.

पॉवर सप्लाय आधी मल्टिमीटरने तपासावा. साडेतीन इंची डिस्कची मोटर १२ व्होल्टवर फिरते आणि हा दाब उतरलेला असला, तर धडधाकट डिस्कही मेल्यासारखी वाटते.

वीज दिल्यावर नीट कान द्यावा. चढत जाऊन स्थिरावणारा आवाज आला, तर मोटर शाबूत आहे. लयीत टक-टक ऐकू आली, तर वीज त्याच क्षणी तोडावी आणि मजकूर मोलाचा असल्यास डिस्क धूळमुक्त प्रयोगशाळेकडेच सोपवावी. फ्रीजमध्ये ठेवण्याचा उपाय पुष्कळ जण सुचवतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात तो करूच नये, कारण गार चकतीवर दव धरते. नुसतीच बारीक घरघर येत असेल, तर हेड चकतीला चिकटलेले असण्याचा संभव असतो. अशा वेळी बंद डिस्क तळहातावर आडवी धरून, चकती ज्या पातळीत फिरते त्याच पातळीत मनगटाने झटकन वळवावी आणि पुन्हा वीज देऊन पाहावी. टेबलावर आपटू नये. वडिलांच्या दुकानाचे १९९६ सालचे हिशेब असलेली आमची डिस्क चौथ्या झटक्याला फिरली, तेव्हा तो चढता आवाज ऐकून घरातले सगळे जागीच थांबले होते.

एकदा फिरू लागलेली डिस्क मजकूर उतरवून होईपर्यंत बंद करू नये, कारण पुढच्या वेळी ती फिरेलच असे नाही. म्हणून केबल, जंपर (डिस्कच्या मागच्या पिनांवर बसणारी छोटी टोपी) आणि नक्कल ठेवण्याची जागा आधीच सिद्ध असावी. फार जुन्या आयडीई (रुंद चपट्या केबलने जोडल्या जाणाऱ्या) डिस्क यूएसबी कन्व्हर्टर ओळखत नाही; त्यांना आयडीई पोर्ट असलेला जुना संगणकच लागतो आणि लेबलवरचे सिलिंडर, हेड व सेक्टर यांचे, म्हणजे डिस्कची रचना सांगणारे, आकडे बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) हाताने भरावे लागतात. मूळ डिस्कवर दुरुस्तीचा कोणताही प्रोग्रॅम चालवू नये. लिनक्सवरील डीडीरेस्क्यू या नक्कल उतरवणाऱ्या प्रोग्रॅमने आधी सहज वाचला जाणारा भाग उतरवावा आणि खराब जागा दुसऱ्या फेरीसाठी ठेवाव्यात. कोणता भाग उतरला याची नोंद ठेवणारी त्याची मॅप फाइल जपली, तर मध्येच वीज गेली तरी काम सुटले तेथूनच पुढे चालू करता येते.