सिनात्राचे जुने टीव्ही कार्यक्रम शोधताना : नावावर जाऊ नका, तारीख धरा

अमेरिकी गायक फ्रँक सिनात्राचे टीव्ही कार्यक्रम शोधणाऱ्यांची फसगत होते ती बहुतेक वेळा नावांमुळे. ‘द फ्रँक सिनात्रा शो’ म्हणून जे काही विकलं जातं, त्यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात : सीबीएस या अमेरिकी वाहिनीवर १९५० ते १९५२ चाललेली मालिका, एबीसीवरची १९५७-५८ची अर्ध्या तासाची मालिका आणि टायमेक्स घड्याळांच्या कंपनीने पैसे घातलेले १९५९-६०चे चार विशेष कार्यक्रम. ‘अ मॅन अँड हिज म्युझिक’चा गुंता याहून मोठा आहे. हे नाव १९६५च्या दोन तबकड्यांच्या अल्बमचं आहे, १९६५, १९६६ आणि १९६७च्या तीन टीव्ही कार्यक्रमांचं आहे, आणि किंचित फरकाने १९८१च्या आणखी एका कार्यक्रमाचंही आहे. अल्बम म्हणजे त्या कार्यक्रमांचं ध्वनिमुद्रण नव्हे. ‘द मेन इव्हेंट’चंही तेच. १३ ऑक्टोबर १९७४ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधून एबीसीने थेट दाखवलेला कार्यक्रम वेगळा आणि त्या नावाची तबकडी वेगळी. ती तबकडी त्या दौऱ्यातल्या वेगवेगळ्या शहरांतल्या मैफलींमधून जुळवलेली आहे.

म्हणून शोध सुरू करण्याआधी प्रत्येक कार्यक्रमाचं एक टाचण करा. त्यात सहा गोष्टी हव्यात : प्रक्षेपणाची तारीख, वाहिनी, प्रायोजक, पाहुणे, रंगीत की कृष्णधवल, आणि जाहिराती वगळून लांबी. विक्रेत्याशी बोलताना, ग्रंथपालाला पत्र लिहिताना, हाती आलेली प्रत तपासताना हेच टाचण कामी येतं.

सुरुवातीला एवढ्या तारखा पुरतात :

१९ ऑक्टोबर १९५९, एबीसी : टायमेक्सचा पहिला. बिंग क्रॉस्बी, डीन मार्टिन, मिट्झी गेनर.
१३ डिसेंबर १९५९, एबीसी : टायमेक्सचा दुसरा. एला फिट्झजेराल्ड.
१५ फेब्रुवारी १९६०, एबीसी : टायमेक्सचा तिसरा. लीना हॉर्न, शिवाय एलिनॉर रूझवेल्ट.
१२ मे १९६०, एबीसी : टायमेक्सचा चौथा. सैन्यातून परतलेला एल्व्हिस प्रेस्ली. चित्रीकरण २६ मार्चला मायामी बीचच्या फाँतेनब्लो हॉटेलात.
१६ नोव्हेंबर १९६५, सीबीएस : वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइटचा सिनात्रावरचा माहितीपट. कृष्णधवल.
२४ नोव्हेंबर १९६५, एनबीसी : ‘अ मॅन अँड हिज म्युझिक’. रंगीत, प्रायोजक बडवायझर.
७ डिसेंबर १९६६, सीबीएस : त्याचा दुसरा भाग. मुलगी नॅन्सीसह.
१३ नोव्हेंबर १९६७, एनबीसी : तिसरा भाग. एला आणि ब्राझीलचा संगीतकार जोबीम.
२५ नोव्हेंबर १९६८, सीबीएस : डायहॅन कॅरल आणि ‘फिफ्थ डायमेन्शन’ हा गायकांचा गट.
१८ नोव्हेंबर १९७३, एनबीसी : निवृत्तीनंतरचं पुनरागमन. जीन केली, प्रायोजक मॅग्नावॉक्स.

यातल्या नोव्हेंबर १९६५च्या दोन नोंदींची गल्लत सर्वांत जास्त होते, कारण दोन्ही आठ दिवसांच्या अंतराने आल्या. ओळख सोपी आहे. सिनात्रा स्टुडिओत मायक्रोफोनसमोर उभा आहे, समोर वाद्यवृंद बसला आहे आणि चित्र कृष्णधवल आहे, तर तो तुकडा सीबीएसच्या माहितीपटातला. रंगीत चित्र, मोकळा रंगमंच आणि सोबत नेल्सन रिडल किंवा गॉर्डन जेंकिन्सचा वाद्यवृंद असेल, तर तो एनबीसीचा. माहितीपटातले तुकडे नंतरच्या अनेक माहितीपटांनी उचलले आहेत. त्यामुळे ‘पूर्ण माहितीपट’ म्हणून मिळालेली फीत प्रत्यक्षात भलत्याच कार्यक्रमातली निघू शकते. क्रॉन्काइट समोर बसून प्रश्न विचारतो आहे का, ते आधी पाहा.

आधी दुकानात काय मिळतं ते संपवा

दुर्मीळ समजून लोक ज्यामागे धावतात, त्यातलं बरंचसं रीतसर प्रसिद्ध झालेलं आहे. १९६५पासून १९८०च्या दशकापर्यंतचे मुख्य विशेष कार्यक्रम आणि मैफली शाउट फॅक्टरीने २०१०मध्ये सात डीव्हीडींच्या ‘कॉन्सर्ट कलेक्शन’ संचात एकत्र आणल्या. त्याच गोष्टी पुढे ईगल रॉकनेही वेगवेगळ्या जोड्यांत काढल्या. संच हाती असेल तर सुट्या डिस्क घेण्याआधी पाठीमागच्या तारखा टाचणाशी ताडून पाहा, नाहीतर एकच मैफल तीनदा विकत घेतली जाते. ‘सिनात्रा : लंडन’ या २०१४च्या संचात ध्वनी-सीडींबरोबर १९६२च्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधल्या मैफलीची डीव्हीडी आहे. अशा सीडी-संचांत दडलेली डीव्हीडी नजरेतून सहज सुटते, कारण दुकानात ती संगीताच्या कप्प्यात असते, चित्रफितींच्या नाही.

माहितीपटांत अॅलेक्स गिब्नीचा एचबीओसाठी केलेला २०१५चा दोन भागांचा, चार तासांचा माहितीपट आधी बघा. जून १९७१च्या लॉस एंजेलिसमधल्या निवृत्तीच्या मैफलीभोवती तो गुंफला आहे आणि जुन्या टीव्हीचे तुकडे त्यात भरपूर आहेत. कोणता तुकडा कुठला हे ओळखायची सवय याच्यावरच लावून घ्यावी.

सीबीएसच्या १९५०-५२च्या मालिकेचे भाग स्वस्त डिस्कवर दिसतात. अमेरिकेत १९६४पूर्वीच्या कामांचा कॉपीराइट अठ्ठाविसाव्या वर्षी नव्याने नोंदवावा लागे. तो ज्यांनी नोंदवला नाही, त्यांची कामं खुली झाली असं धरून लहान कंपन्या अशा डिस्क काढतात. पण कार्यक्रम खुला झाला तरी त्यातली गाणी खुली होत नाहीत, म्हणून मधली गाणी कापलेली आढळतात. दोन भाग जोडून एक केलेलेही आढळतात. स्वस्त आहे म्हणून घ्यायला हरकत नाही, पण तीच अखेरची प्रत मानू नका.

एबीसीच्या १९५७-५८च्या मालिकेतला एक भाग मात्र जरूर मिळवा : २० डिसेंबर १९५७चा, बिंग क्रॉस्बीसोबतचा नाताळचा. दिग्दर्शन सिनात्राचंच होतं आणि तेव्हाच्या प्रेक्षकांना तो कृष्णधवल दिसला तरी चित्रण रंगीत फिल्मवर झालं होतं. त्यामुळे या भागाची रंगीत प्रत खरी आहे, नंतर रंगवलेली नाही.

पाहुण्याच्या नावाने शोधा

अनुभवी संग्राहकांचा हा सर्वांत उपयोगी मार्ग. सिनात्राच्या नावाने शोधलं की हजारो निकाल येतात आणि त्यातले बहुतेक निरुपयोगी असतात. पाहुण्यांचे चाहते मात्र आपापल्या कलाकाराचं एकेक मिनिट नोंदवून ठेवतात. मे १९६०चा कार्यक्रम एल्व्हिसच्या संग्राहकांकडे सर्वांत नीट नोंदलेला आहे. १९६७च्या कार्यक्रमासाठी ब्राझीलमधले चाहते गाठा, आणि तिथे ‘टॉम जोबीम’ असं शोधा, कारण ब्राझीलमध्ये त्याला त्याच नावाने ओळखतात. डिसेंबर १९५९साठी एला, ऑक्टोबर १९५९साठी क्रॉस्बी.

तारीख पक्की करायला त्या आठवड्याची वर्तमानपत्रं आणि व्यापारी साप्ताहिकं पाहावीत. ‘बिलबोर्ड’चे जुने अंक गूगल बुक्सवर, आणि ‘ब्रॉडकास्टिंग’सह अनेक नियतकालिकं ‘वर्ल्ड रेडिओ हिस्टरी’ या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. एक काळजी घ्या : अंकावरची तारीख आणि प्रक्षेपणाची तारीख वेगळी असते, आणि आगाऊ छापलेल्या बातमीतले पाहुणे ऐनवेळी बदललेले असू शकतात. शक्यतो प्रक्षेपणानंतरचं परीक्षण शोधा.

जे विकत मिळत नाही ते अभिलेखागारात

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी चाहत्यांना इथे मोठी संधी आहे. न्यू जर्सीतल्या जर्सी सिटी-एडिसनकडच्या मंडळींना मॅनहॅटनमधलं पॅले सेंटर (जुने टीव्ही-रेडिओ कार्यक्रम जपणारी संस्था) रेल्वेच्या अंतरावर आहे, ५२व्या रस्त्यावर. (आणि सिनात्राचं जन्मगाव होबोकेन तर जर्सी सिटीला चिकटूनच आहे.) कॅलिफोर्नियात यूसीएलएचा चित्रपट आणि दूरचित्रवाणी संग्रह आहे, वॉशिंग्टनला लायब्ररी ऑफ काँग्रेस. जॉर्जिया विद्यापीठाकडे पीबॉडी या प्रसारण-पुरस्कारांसाठी आलेल्या प्रवेशिका जपलेल्या आहेत. १९६५च्या एनबीसीच्या कार्यक्रमाला पीबॉडी मिळालं होतं, म्हणून त्याची चौकशी तिथे करणं योग्य.

या ठिकाणी तिथेच बसून पाहायचं असतं, प्रत घरी नेता येत नाही. जाण्याच्या काही आठवडे आधी लिहा, कारण फिती दुसऱ्या गावच्या कोठारातून आणाव्या लागतात आणि कधी पाहण्याजोगी प्रत नव्याने तयार करावी लागते. पत्रात ‘सिनात्राचं काय काय आहे’ असं विचारू नका. टाचणातली एक तारीख, वाहिनी आणि पाहुणे द्या, आणि एवढंच विचारा : नोंदणी क्रमांक काय, मूळ वस्तू कोणती (१६ मिमी फिल्म, दोन इंची टेप, की नंतरची कॅसेट), लांबी किती, आणि जाहिराती आत आहेत का. जाहिरातींसकटची प्रत म्हणजे बहुधा त्या रात्रीची पूर्ण नोंद. तिचं मोल मोठं आहे.

हाती आलेली प्रत तपासणं

आधी लांबी मोजा. १९६०च्या दशकातला एक तासाचा कार्यक्रम जाहिराती काढल्यावर साधारण ५० ते ५२ मिनिटांचा उरतो, अर्ध्या तासाचा २५-२६ मिनिटांचा. पंचेचाळीस मिनिटं भरली तर एखाद-दोन गाणी गेलेली आहेत. ती बहुतेक वेळा पाहुण्यांची असतात, कारण हक्क मिळवायला तीच अवघड.

मग हालचाल पाहा. व्हिडिओटेप १९५६मध्ये आली. त्याआधीचे थेट कार्यक्रम उरले आहेत ते किनेस्कोपवर, म्हणजे टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावून घेतलेले. त्यांत चित्र मऊ, कडा गोलसर आणि करडे रंग एकमेकांत मिसळलेले असतात. सीबीएसची मालिका अशीच दिसणार, त्याला इलाज नाही. पण १९६५नंतरचा रंगीत कार्यक्रम टेपवरचा आहे. त्यात हाताची हालचाल पाण्यासारखी सलग दिसली पाहिजे. तिथे झटके दिसले, तर संगणकावर उतरवताना कुणीतरी अर्धी माहिती फेकून दिली आहे. अशी प्रत सुधारत नाही, दुसरी शोधा.

कोपऱ्यात वाहिनीचं चिन्ह असेल तर ती प्रत नंतरच्या पुनःप्रक्षेपणातून घेतलेली आहे आणि त्या वाहिनीने आपल्या जाहिरातींसाठी कात्री लावलेली असण्याची शक्यता मोठी.

एनटीएससी, पाल आणि गाण्याची पट्टी

एनटीएससी आणि पाल या टीव्ही-चित्राच्या दोन पद्धती. अमेरिकी कार्यक्रम एनटीएससीत आहेत, भारत आणि युरोपातले बहुतेक देश पालचे. अमेरिकी टेप पालमध्ये बदलली की दोन चित्रं एकमेकांवर पुसट दिसतात. म्हणून अमेरिकी कार्यक्रमांची एनटीएससी डिस्कच घ्या. फिल्मवरून पाल केलेल्या प्रतीत वेगळा दोष येतो : सेकंदाला २४ चित्रांची २५ केली जातात, वेग चार टक्के वाढतो आणि सूर चढतो. पांढरी एकमधलं गाणं काळी एककडे सरकू पाहतं. सिनात्राच्या आवाजाचा खर्ज ज्याच्या कानात बसला आहे, त्याला हे पहिल्या ओळीत बोचतं. अपवाद १६ नोव्हेंबर १९७०च्या लंडनच्या मैफलीचा, जिथे मोनॅकोची राजकन्या ग्रेस सिनात्राची ओळख करून देते. ती ब्रिटनमध्ये चित्रित झाली, म्हणून तिची पाल प्रत मुळाला जवळची.

डीव्हीडी देशांच्या गटांनुसार विभागलेल्या असतात : अमेरिकेची डीव्हीडी विभाग १ची असते, भारताचा विभाग ५. ‘सर्व विभाग’ असं पाठीवर छापलेलं नसेल तर साधा प्लेअर ती नाकारेल. संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हचा विभाग पाचदाच बदलता येतो, त्यानंतर तो कायमचा अडकतो. त्यामुळे जुना बाह्य ड्राइव्ह विभाग १वर लावून या कामासाठी वेगळा ठेवणं उत्तम. ब्लू-रेमध्ये अमेरिका आणि जपान ‘ए’ गटात, भारत ‘सी’मध्ये. परदेशातून मागवताना सीमाशुल्क टपालखर्च धरून लागतं, तेव्हा एकेक डिस्क न मागवता एकत्र मागवा.

जुन्या कॅसेट उतरवताना

जुन्या संग्रहातून व्हीएचएस मिळाली तर आधी कॅसेटच्या खिडकीतून आत पाहा. मुंबई-कोकण-गोव्याच्या दमट हवेत टेपच्या गुंडाळीवर पांढरी बुरशी धरते. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका. बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. ती प्लास्टिकच्या पिशवीत वेगळी ठेवा आणि साफसफाई करणाऱ्या जाणकाराकडेच द्या.

कॅसेट चांगली असेल तर एकदा टोकापर्यंत पुढे आणि पुन्हा मागे फिरवा, म्हणजे वर्षानुवर्षं चिकटलेले पदर मोकळे होतात. अमेरिकी कॅसेटसाठी खरा एनटीएससी देणारा व्हीसीआर हवा. भारतातले बरेच व्हीसीआर एनटीएससी कॅसेट ‘दाखवतात’, पण बाहेर देतात तो पाल ६० नावाचा मधला संकेत. टीव्हीवर तो ठीक दिसतो, कॅप्चर कार्डावर रंग जातात किंवा चित्र लोळतं. व्हीसीआरमध्ये किंवा बाहेर टाइम बेस करेक्टर (चित्रातल्या ओळींची वेळ सुधारणारं यंत्र) असेल तर उभ्या रेषा सरळ राहतात. जोडणी पिवळ्या वायरीऐवजी एस-व्हिडिओने करा.

संगणकावर ७२० बाय ४८० या मापात, २९.९७च्या गतीने, इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींनी बनलेलं चित्र) तसंच ठेवून, हफयूव्हीसारख्या बिनाघट, म्हणजे माहिती न गमावणाऱ्या कोडेकमध्ये उतरवा. तासाला २५ ते ३० जीबी लागतील, तेवढी जागा आधी मोकळी करा. पाहण्यासाठीची लहान फाइल नंतर त्यातून करायची, क्यूटीजीएमसी या इंटरलेस्ड चित्र सलग करणाऱ्या साधनाने सेकंदाला ५९.९४ चित्रं ठेवून. आवाजाची पातळी हाताने लावा. आपोआप पातळी ठेवणारी सोय चालू राहिली तर सिनात्रा जिथे आवाज खाली आणतो, नेमका तिथे टेपचा खरखराट वर उसळतो.

फाइलला नाव देताना तारीख पुढे घ्या : १९६७-११-१३, मग वाहिनी, मग पाहुणे, शेवटी प्रत कुठून आली ते. मूळ कॅसेट उभी ठेवा, कोरड्या कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, आणि पावसाळ्याआधी पुड्या बदला.