डोंगल घेण्याआधी हेडफोनचं गणित

‘कोणता डॅक घेऊ?’ असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, हेडफोन कोणता? डॅक आकड्यांतून विजेचा सिग्नल बनवतो, ॲम्प तो हेडफोनला पुरेल इतका मोठा करतो. फोनला लावायच्या छोट्या डोंगलमध्ये हे दोन्ही एकत्र असतात. दोघांनी काम चोख केलं तर त्यांचा स्वतःचा असा आवाज उरत नाही, रंगरूप सगळं हेडफोनचं. ‘उबदार डॅक’, ‘मखमली डॅक’ ही विशेषणं दिसली की मी सरळ पुढे जातो. डोंगल आणि हेडफोनची जोडी चुकली तर मात्र चांगल्या हेडफोनचाही आवाज बिघडतो. ती चुकणार की जमणार, हे आकड्यांवरून आधीच कळतं.

त्याआधी हेडफोन नीट बसतोय का ते बघा. इअरफोनमध्ये बेस गायब वाटला तर सिलिकॉनची टिप एक माप मोठी लावून पाहा. मी चष्मा लावतो. जाड काडीमुळे माझ्या बंद हेडफोनच्या गादीत फट राहते आणि बेस तिथूनच गळतो. पातळ काडीचा चष्मा घातल्यावर जेवढा फरक पडला, तेवढा मला कुठल्याही डोंगलने दिलेला नाही.

आता गणित. हेडफोनच्या माहितीपत्रकात दोन आकडे शोधायचे: इम्पिडन्स, म्हणजे हेडफोन विजेला करतो तो अडथळा (ओहममध्ये), आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक विजेवर तो किती मोठा वाजतो. सेन्सिटिव्हिटी काही कंपन्या १ मिलिवॅटला किती डेसिबल अशी देतात, काही १ व्होल्टला. हे न बघता दोन हेडफोनची तुलना केली की घोटाळा होतो. मिलिवॅटचा आकडा असेल तर १६ ओहमच्या हेडफोनसाठी त्यात १८ मिळवा, ३२ ओहमसाठी १५, ३०० ओहमसाठी ५. आला व्होल्टचा आकडा. पुढे एवढं लक्षात ठेवायचं की ६ डेसिबल वाढवायला व्होल्टेज दुप्पट लागतं आणि २० डेसिबलला दहापट.

सेनहायझर एचडी ६०० घ्या. ३०० ओहम, १ व्होल्टला ९७ डेसिबल. मी साधारण ७५ डेसिबलच्या आसपास ऐकतो. मोठा वाद्यवृंद असेल तर त्यातली शिखरं सरासरीच्या २० डेसिबल वर जातात, म्हणजे ९५. त्याला १ व्होल्टसुद्धा लागत नाही. ऐसपैस हिशेब करून शिखर ११० धरलं तरी साडेचार व्होल्ट आणि १५ मिलिअँपिअर करंट. म्हणजे ‘३०० ओहम आहे, मोठा ॲम्प लागणारच’ हे अर्धसत्य.

आता हायफायमॅन एचई-६ बघा, हा प्लेनर हेडफोन, म्हणजे आत सपाट पातळ पडदा असलेला. ओहम फक्त ५०, पण सेन्सिटिव्हिटी १ मिलिवॅटला ८३.५ डेसिबल. त्याच ११० डेसिबलसाठी व्होल्टेज जवळपास तेवढंच, ४.७ च्या आसपास. करंट मात्र ९४ मिलिअँपिअर आणि पॉवर साडेचारशे मिलिवॅटच्या घरात. फोनला लोंबकळणारा बोटाएवढा डोंगल इथे धापा टाकणार. ओहम कमी म्हणून हेडफोन ‘सोपा’, असं समजणाऱ्यांनी या दोन हेडफोनचे आकडे पाठच करावेत. प्लेनर हेडफोनसाठी डोंगल बघताना ३२ ओहमवर किती मिलिवॅट मिळतात तो आकडा बघा, नुसते व्होल्ट नकोत.

माहितीपत्रकावर विश्वास नसेल तर मल्टीमीटर काढा. मला हाच मार्ग सगळ्यात आवडतो. तुमचं सगळ्यात हळू आवाजात रेकॉर्ड झालेलं गाणं लावा आणि आवाज तुम्ही कधीतरी ऐकाल तितका मोठा करा. मग हेडफोन कानावरून काढून ठेवा, व्हॉल्यूमला हात न लावता ६० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा (फाइलमध्ये शक्य तितका मोठा) टोन वाजवा आणि मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून जॅकवर मोजा. एक जॅकचे दोन करणारी वायर असली की हेडफोन जोडलेला ठेवूनच मोजता येतं. साधे मल्टीमीटर वरच्या फ्रिक्वेन्सीला चुकतात, म्हणून ६० हर्ट्झ. जो आकडा येईल तेवढीच तुमची गरज. ०.६ आला आणि डोंगल १ व्होल्ट देत असेल, तर नव्या ॲम्पचा विषय तिथेच संपला.

इअरफोनवाल्यांची अडचण उलटी असते. ताकद भरपूर, त्रास दोनच: ॲम्पचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे ॲम्पचा स्वतःचा आतला अडथळा, आणि सळसळ. बॅलन्स्ड आर्मेचरचे (एका प्रकारचे चिमुकले) अनेक ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे भाग, असलेल्या इअरफोनचा इम्पिडन्स सगळ्या फ्रिक्वेन्सींना सारखा नसतो. समजा एका पट्ट्यात तो ८ ओहम आहे आणि दुसऱ्यात ४०. ॲम्पचा आउटपुट इम्पिडन्स १० ओहम असेल तर त्या दोन पट्ट्यांत ५ डेसिबलचा फरक ॲम्पच पाडतो, इक्वलायझरशी खेळल्यासारखा. १ ओहम असेल तर तोच फरक ०.८ डेसिबलवर येतो. हेडफोनच्या इम्पिडन्सच्या आठव्या हिश्श्याहून आउटपुट इम्पिडन्स कमी असावा, असा ढोबळ नियम आहे. अशा इअरफोनसाठी मी १ ओहमच्या वर जातच नाही. एचडी ६०० वाल्यांनी हा परिच्छेद विसरला तरी चालेल.

सळसळ म्हणजे गाणं थांबल्यावर मागे ऐकू येणारा बारीक ‘स्स्स’. १ व्होल्टला १३५ डेसिबल देणाऱ्या नाजूक इअरफोनवर ॲम्पचा १० मायक्रोव्होल्ट नॉइज ३५ डेसिबलचा आवाज करतो. शांत खोलीत तो तानपुऱ्याच्या मागे सतत जाणवतो. १ मायक्रोव्होल्टवर तो १५ डेसिबलपर्यंत उतरतो आणि खोलीच्या आवाजात बुडतो. म्हणून इअरफोनसाठी घेताना पॉवरच्या आधी नॉइजचा आकडा विचारा, आणि गेनचं (ॲम्प सिग्नल कितीपट वाढवतो ते ठरवणारं) बटण असेल तर लो वर ठेवा. हाय गेनवर व्हॉल्यूमचा नॉब जेमतेम हलवावा लागतो, आणि नॉबच्या आतल्या साध्या पोटेन्शिओमीटरमध्ये अगदी तळाशी एक कान दुसऱ्यापेक्षा मोठा ऐकू येतो.

जोडणीत नॉब असेल तर आधी तो खाली आणा, मग फोनचा आवाज पूर्ण करा आणि पुढचं सगळं नॉबवर. यूएसबी-सीचा ॲपलचा छोटा ॲडॉप्टर साधारण १ व्होल्ट देतो, युरोपात विकला जाणारा त्याच्या निम्मा. बऱ्याच ॲण्ड्रॉइड फोनवर मात्र त्याच्या आतला व्हॉल्यूम पूर्ण वर जातच नाही आणि लोक ॲडॉप्टरला नावं ठेवतात. डॅकशी थेट बोलणारं प्लेअर ॲप वापरलं की तो मोकळा होतो. ॲण्ड्रॉइड बहुधा सगळा आवाज ४८ किलोहर्ट्झवर (सेकंदाला ४८ हजार नमुने) आणून पाठवतो, असल्या ॲपने तेही टळतं. विंडोजवर प्लेअरमध्ये एक्सक्लुझिव्ह मोड चालू करा, म्हणजे प्लेअर डॅकशी थेट बोलतो. तरी यावर झोप उडवू नका. लॅपटॉप चार्जिंगला असताना गुणगुण येत असेल तर चार्जर काढून बघा, थांबली तर दोष डॅकचा नाही.

४.४ मिलिमीटरचं बॅलन्स्ड आउटपुट, म्हणजे दोन्ही कानांच्या तारा पूर्ण वेगळ्या ठेवणारं, बहुतेक डोंगलमध्ये साध्या ३.५ च्या दुप्पट व्होल्टेज देतं. वर मोजलेल्या गरजेला ते लागत असेल तरच वापरा. एक धोका मात्र नक्की टाळा. बॅलन्स्ड आउटपुटला ॲडॉप्टर लावून साध्या ३.५ च्या पिनचा हेडफोन जोडायचा नाही. त्या पिनमध्ये दोन्ही बाजूंच्या उणे तारा एकत्र असतात, इथे त्या दोन्ही ॲम्पने चालवलेल्या असतात, आणि त्या एकमेकींना टेकल्या की ॲम्प जळू शकतो. उलट दिशेने, म्हणजे बॅलन्स्ड केबलचा हेडफोन साध्या जॅकला ॲडॉप्टरने जोडायला काहीच हरकत नाही.

दोन डोंगलची तुलना करायची तर तोच ६० हर्ट्झचा टोन वाजवून दोघांचं व्होल्टेज एक टक्क्याच्या आत जुळवा, म्हणजे ०.१ डेसिबल. किंचित मोठा असलेला डोंगल कानाला नेहमीच ‘जास्त मोकळा’ वाटतो. अदलाबदल दुसऱ्या कुणाला तरी करायला सांगा आणि तुम्ही बघू नका. जुळवल्यावर कुठला कुठला ते ओळखता आलं नाही, तर त्यातला वजनाने हलका तो ठेवा.

इतकं करूनही हेडफोनचा सूर पटत नसेल तर उपाय पॅरामेट्रिक इक्वलायझर, म्हणजे हवा तो पट्टा निवडून कमी-जास्त करता येणारा. खालचा बेस ५ डेसिबल वाढवलात तर प्रीॲम्प (इक्वलायझरमधली एकूण पातळी) उणे ५ वर न्या, नाहीतर गाण्यातल्या मोठ्या आवाजाच्या जागी आवाज फाटतो. गाणं तेवढं हळू होईल, मग व्हॉल्यूम वाढवा. मल्टीमीटरचं मोजमाप या नव्या व्हॉल्यूमवर पुन्हा घ्या. डोंगल अपुरा पडलाच तर तो इथे पडतो, आणि मोठा ॲम्प घ्यायला मी हे एक कारण मानतो.