ट्रेलर मागे असताना टू-व्हील की फोर-व्हील?

"मागे वजन आहे ना, मग फोर टाक की!" पुण्यात ट्रेलर जोडलेली थार किंवा गुरखा जीप दिसली की हा सल्ला फुकट मिळतो. सोसायटीचा वॉचमन देतो, पंपावरचा पोरगा देतो, ज्यांनी आयुष्यात ट्रान्स्फर केसच्या (जोर दोन चाकांना द्यायचा की चारही, हे ठरवणाऱ्या गिअरपेटीच्या) दांड्याला हात लावलेला नाही तेही देतात. ऐकू नका. फोर-व्हील टाकायचं की नाही हे मागच्या वजनावर ठरत नाही, चाकाखाली काय आहे त्यावर ठरतं. कोरडं डांबर किंवा काँक्रीट असेल तर मागे टनभर माल असो नाहीतर रिकामा सांगाडा, गाडी टू हायमध्येच (नेहमीचे गिअर, जोर फक्त मागच्या दोन चाकांना) राहिली पाहिजे. चाक सरकेल अशी जमीन असेल, म्हणजे चिखल, सुटा मुरूम, वाळू, शेवाळलेला उतार, तर फोर.

मी हे पार्ट-टाइम फोर-व्हीलच्या, म्हणजे एरवी मागच्या दोन चाकांवर चालणाऱ्या आणि हवं तेव्हाच फोर टाकायच्या गाड्यांबद्दल लिहितोय: थार, गुरखा, जिम्नी, जुनी जिप्सी, हायलक्स, व्ही-क्रॉस, हल्लीची फॉर्च्युनर. डिफेंडरसारख्या गाडीत पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्ये तिसरा डिफरन्शियल असतो, तो दोन्ही अ‍ॅक्सलना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतो; अशा गाड्यांना पुढचा निम्मा लेख लागू नाही.

तयारीचं तुम्हाला माहीत असणार: हिचची (गाडीला ट्रेलर जोडायच्या जोडाची) पिन, सेफ्टी साखळी, दिवे, ट्रेलरच्या नाकावर, म्हणजे हिचवर टेकणाऱ्या टोकावर, एकूण वजनाच्या साधारण 10 टक्के भार. एकच गोष्ट वेगळी सांगतो, कारण ती कोणी बघत नाही. गाडीची चारही चाकं एकाच मापाची आणि सारखी झिजलेली हवीत. मागे नवे टायर आणि पुढे गुळगुळीत झालेले असतील तर फोरमध्ये गाडी सरळ रस्त्यावरसुद्धा स्वतःशीच भांडत जाते.

भांडण कशाचं, ते एकदा समजून घ्या म्हणजे बाकीचं पाठ करावं लागणार नाही. पार्ट-टाइम गाडीत फोर टाकलं की पुढचा आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट (ट्रान्स्फर केसमधून अ‍ॅक्सलपर्यंत जोर नेणारे दांडे) एकमेकांना जखडले जातात आणि दोघांना सारखंच फिरावं लागतं. पण वळताना पुढची चाकं मोठा फेरा घेतात. तीन दरवाजांच्या थारचा व्हीलबेस 2450 मिलिमीटर आहे. मागचा अ‍ॅक्सल 5 मीटर त्रिज्येच्या अर्ध्या वर्तुळात फिरला तर तो सुमारे 15.7 मीटर जातो आणि पुढचा सुमारे 17.5 मीटर. हा पावणेदोन मीटरचा फरक कुठेतरी निघायला हवा. मातीत टायर जरासा घसरतो आणि फरक निघून जातो. डांबरावर टायर घसरत नाही, मग शाफ्ट पिळले जातात, स्टिअरिंग जड होतं, टायर चिरकतात, गाडी ब्रेक लावल्यासारखी अडखळते आणि शेवटी ट्रान्स्फर केसची साखळी, गिअर किंवा पुढचा जॉइंट त्याची किंमत मोजतो. मागे ट्रेलर असेल तर हा सगळा ताण आणखी वाढतो.

दुसरा गैरसमज ताकदीचा. फोर हाय (नेहमीचे गिअर, जोर चारही चाकांना) टाकल्याने गाडीची ताकद वाढत नाही, आहे तीच चार चाकांत वाटली जाते. दिवे घाटात ट्रेलर ओढताना इंजिन दमलं तर फोर हायचा काडीचा उपयोग नाही, खालचा गिअर टाका. ताकद वाढते ती फोर लोमध्ये. तिथे चाकांपर्यंत पोहोचणारा जोर जिम्नीत साधारण दुप्पट आणि थारमध्ये साधारण अडीचपट होतो, आणि वेग तेवढाच घटतो.

डांबरी रस्ता आणि घाट

शहर, हायवे, चांदणी चौकातून पिरंगुटकडे, कात्रजकडून खेड-शिवापूरला: टू हाय. ट्रेलरचं नाक मागच्या अ‍ॅक्सलवर दाबतं, त्यामुळे मागच्या चाकांना पकड उलट जास्तच मिळते.

उताराला खालचा गिअर आधी टाका, ब्रेक नंतर. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार पुणेकरांना सांगायला नको. तिथे ब्रेक तापून निकामी झालेल्या ट्रकांनी काय केलंय ते आपण वर्षानुवर्षं वाचतोय. आपल्याकडच्या छोट्या ट्रेलरपैकी पुष्कळ बिनब्रेकचे असतात, म्हणजे मागचं सगळं वजन तुमच्याच गाडीच्या ब्रेकवर. इथेही टू हायच.

पावसाळ्यातल्या ताम्हिणीबद्दल मात्र दोन मतं ऐकू येतात. माझं मत असं: डांबर नुसतं ओलं असेल तर टू हाय, दुसरा गिअर आणि हलका पाय. ओल्या डांबराला पकड कमी असते, पण शाफ्ट पिळायला ती पुरते. शिवाय फोरमध्ये ओल्या वळणावर गाडीचं नाक सरळ जायला बघतं, म्हणजे नेमकं दरीकडे. पण दरडीची माती रस्त्यावर पसरली असेल, डांबर दिसतच नसेल, तर त्या पट्ट्यापुरतं फोर हाय. टू हायमध्ये इंजिनाचा रोध फक्त मागच्या चाकांवर येतो. चिखलाच्या उतारावर ती घसरली आणि ट्रेलरने मागून ढकललं की गाडी आणि ट्रेलर कात्रीसारखे मिटतात. चारही चाकांवर रोध वाटला गेला तर हा धोका पुष्कळ कमी होतो. पट्टा संपला की लगेच टू हाय.

कच्चा रस्ता

चाक फिरायला लागल्यावर फोर टाकू नका. कच्चा रस्ता दिसला की आधीच टाका. ट्रेलर मागे असताना थांबलेली गाडी चिखलातून परत हलवणं फार अवघड. मुळशी-वेल्हे भागात मुरूम घट्ट बसलेला असेल तर टू हायनेही काम होतं, पण पहिल्या पावसानंतर तोच रस्ता ओळखू येत नाही. फोर हाय चालत्या गाडीत टाकता येतं. किती वेगापर्यंत, ते तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं आहे. स्टिअरिंग सरळ ठेवा, पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उचला आणि दांडा ओढा.

रिव्हर्स, चढ आणि पाण्याचा काठ

खरी परीक्षा इथे. मला सगळ्यात जास्त झगडायला लावलं ते याच टप्प्याने, आणि सगळ्यात वाईट सल्लेही इथेच मिळतात.

आधी चढावर ट्रेलर मागे ढकलण्याचं बघू. फार्महाऊसचं गेट वर आहे, गल्ली अरुंद आहे, मागे कोणीतरी "येऊ द्या, येऊ द्या" करत उभा आहे. गाडीचं नाक उताराकडे असल्यामुळे वजन पुढच्या चाकांवर जातं. ट्रेलर ढकलताना हिचवर जो उलटा रेटा येतो तोही पुढेच दाबतो. म्हणजे टू हायमध्ये फिरणारी मागची चाकं नेमकी हलकी झालेली असतात. शिवाय रिव्हर्स गिअर हळू चालवायला उंचच पडतो, त्यामुळे क्लच अर्धवट दाबून गाडी सरकवावी लागते आणि दोन मिनिटांत क्लचचा जळका वास येतो. सुट्या मातीत इथे उत्तर एकच: फोर लो. क्लच पूर्ण सोडा, गाडी मुंगीच्या पावलाने आपोआप मागे जाईल. "रिव्हर्सला कशाला फोर लो" म्हणणाऱ्याला क्लचप्लेटचं बिल दाखवा.

पण गल्ली काँक्रीटची असेल आणि वळण घेत रिव्हर्स मारायचा असेल तर? वेग फोर लोचा हवा, पण चारही चाकं जखडलेली नकोत. जुन्या जिप्सीसारख्या ज्या गाड्यांना पुढच्या चाकांवर हाताने फिरवायचे हब (चाक शाफ्टला जोडायच्या किंवा मोकळं करायच्या कळा) असतात, त्यांचं इथे भाग्य उजळतं. हब मोकळे ठेवा आणि दांडा फोर लोमध्ये टाका. पुढचा शाफ्ट नुसता फिरत राहतो, जोर फक्त मागच्या चाकांना मिळतो, तोही लो रेंजचा. एक ताकीद: लो रेंजचा सगळा जोर आता एकाच अ‍ॅक्सलवर आहे. चाक अडकलं असताना अ‍ॅक्सिलरेटर दाबलात तर हाफ शाफ्ट (अ‍ॅक्सलमधून चाकापर्यंत जाणारा दांडा) तुटतो. हळू चालवायला ही युक्ती वापरा, जोर लावायला नाही.

नव्या गाड्यांत ही सोय नाही. तिथे सरळ मागे जायचं असेल तर काँक्रीटवरही काही मीटर फोर लो चालतं, स्टिअरिंग फिरवायची वेळ आली की नाही. स्टिअरिंग जड झालं, टायर चिरकला, की थांबायचं. पुढे रेटायचं नाही. त्याहून चांगलं म्हणजे चढावर वळण घेत रिव्हर्स मारायची वेळच येऊ न देणं. ट्रेलर ओढत वर न्या, आत वळवा. आत जागा नसेल तर सपाटीवर ट्रेलर सोडा, चार माणसं बोलवा आणि हाताने फिरवा. यात कमीपणा वाटत असेल तर वाटू द्या.

आता पाण्याचा काठ. धरणात बोट उतरवायला आधी रीतसर परवानगी काढा, मग पुढचं वाचा. पवना असो वा पानशेत, पाणी उतरलं की काठावर गाळ उघडा पडतो, आणि पक्का उतार असेल तर पाण्याच्या रेषेला शेवाळ. बोट उतरवताना गाडी रिव्हर्समध्ये खाली जाते, तेव्हा मागची चाकं शेवाळावर असतात आणि पुढची वर कोरड्यात. पकड पुढे आणि जोर मागे, म्हणून टू हायमध्ये अडकलेल्या गाड्या अशा काठांवर नेहमी दिसतात. फोर लो टाकलं की कोरड्यातली पुढची चाकं काम करतात आणि गाडी निमूट वर येते. हालचाल सरळ रेषेत असते आणि मागची चाकं निसरड्यावर असतात, त्यामुळे शाफ्ट पिळले जाण्याची भीतीही इथे नाही.

फोर लो कुठे टाकायचं हे मात्र नीट ऐका. वर, सपाटीवर, खाली उतरायच्या आधी. ट्रान्स्फर केस हायमधून लोमध्ये जाताना मध्ये न्यूट्रल लागतो. त्या क्षणी इंजिन, गिअरबॉक्स आणि चाकं यांचा संबंध तुटतो. गाडी पहिल्या गिअरमध्ये असो किंवा ऑटोमॅटिकचा दांडा पार्कमध्ये असो, काही फरक पडत नाही, गाडी मोकळी असते. उतारावर, मागे बोट लटकत असताना, हे करायला गेलात तर गाडी पाण्याकडे निघते. आणि तुम्ही दांडा अर्धवट सोडलात तर ती न्यूट्रलमध्येच राहते. वर गाडी पूर्ण थांबवा, फूट ब्रेक दाबून ठेवा, मेन गिअर न्यूट्रलला घ्या, क्लच दाबा, दांडा एका दमात फोर लोला न्या, मीटरवरचा दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला की मगच उताराला लागा.

हँडब्रेकवरही आंधळा विश्वास नको. तो बहुतेक गाड्यांत फक्त मागच्या चाकांना धरतो, आणि ती चाकं शेवाळावर उभी आहेत. टू हायमध्ये हँडब्रेक ओढून बोट सोडायला उतरलात की घट्ट धरलेली चाकं तशीच घसरत पाण्यात जातात. फोर लो टाकलेलं असेल तर पुढचा-मागचा शाफ्ट जोडलेला असल्यामुळे तोच हँडब्रेक कोरड्यातल्या पुढच्या चाकांनाही धरून ठेवतो. शिवाय गाडी गिअरमध्ये ठेवा आणि पुढच्या चाकांच्या खालच्या बाजूला दगड किंवा लाकडी ठोकळा लावा. मागच्या चाकांना लावलेला ठोकळा शेवाळावरून चाकासकट सरकतो. गाडीत कोणाला बसवून ठेवू नका, लहान मुलांना तर मुळीच नाही.

वर येताना पहिला किंवा दुसरा गिअर, क्लच पूर्ण सोडलेला, अ‍ॅक्सिलरेटर जेमतेम. चाक फिरायला लागलं की लोक जोरात दाबतात. त्याने शेवाळ फक्त पॉलिश होतं. सोडा, थोडं खाली घ्या, परत हळू या. ट्रेलरची चाकं पूर्ण कोरड्यात येईपर्यंत थांबू नका.

फोर काढणं

टाकायची आठवण सगळ्यांना असते. काढायची राहते. काठावरून किंवा कच्च्यातून डांबराला लागायच्या आधी, मातीवरच, सरळ उभं राहून टू हाय करा. डांबरावर आल्यावर काढायला गेलात तर शाफ्ट आधीच पिळलेले असतात आणि दांडा हलत नाही, किंवा दांडा येतो पण दिवा जात नाही. जोर लावून ओढू नका. स्टिअरिंग सरळ करून दोन-तीन मीटर मागे घ्या, पीळ सुटतो आणि दांडा अलगद येतो. मागे ट्रेलर असल्याने हे सरळ रिव्हर्स मारायला जागा आहे का ते आधी बघा. नसेल तर एका बाजूची चाकं रस्त्याकडेच्या मातीवर घेऊन पुढे सरका, तेवढ्यानेही सुटतं. हब असलेल्या गाडीत उतरून दोन्ही हब मोकळे करा. एकच मोकळा करून गाडी हायवेला नेणारे महाभाग मी पाहिले आहेत.