रायफलीचा स्क्रू आणि घरचा स्क्रूड्रायव्हर

माझी १० मीटरची एअर रायफल अचानक भरकटायला लागली. या प्रकारात लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ फक्त अर्ध्या मिलिमीटरचं, म्हणजे ठिपकाच! हवेचा सिलिंडर काढला, छर्रा नाही हे बघितलं आणि दस्ता हलवला. तो धरून ठेवणारे दोन्ही स्क्रू सैल.

बाबांच्या पेटीतला स्क्रूड्रायव्हर एका स्क्रूला लावून जोर केला, तर टोक सटकलं, खाचेची कड चुरगळली आणि दस्त्यावर ओरखडाही उठला. वाईट वाटलं ते त्या ओरखड्याचंच.

साध्या स्क्रूड्रायव्हरचं टोक पाचरीसारखं निमुळतं असतं. ते खाचेत वरच्या कडेलाच टेकतं आणि पीळ दिला की वर चढतं. बंदुकीच्या कामाच्या बिटांच्या (स्क्रूड्रायव्हरच्या सुट्या टोकांच्या) बाजू टोकाशी समांतर असतात. बिट तळापर्यंत बसतं, खाच गच्च भरते.

चाळीस बिटांचा संच बघून मोह झाला होता, पण कॅलिपरने खाचेची रुंदी-जाडी मोजून चारच घेतली. उरलेले पैसे टॉर्क रेंचमध्ये, म्हणजे ठरवलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्यात, घातले. 'हाताच्या अंदाजाने' आवळण्यावर माझा आता विश्वास नाही. मॅन्युअलप्रमाणे ५ न्यूटन-मीटर पीळ, दोन्ही स्क्रू आळीपाळीने. खाचेची कड बारीक कानशीने साफ केली. ओरखडा तसाच आहे.